काकांच्या जपानी भुतिणी

भुताकडे पाहून घाबरण्याऐवजी "काय सुरेख उभी आहे बघ" असं म्हणणारा मराठी माणूस अख्ख्या अमेरिकेत एकच असावा, आणि तो नेमका माझ्या बायकोच्या मावशीचा नवरा निघावा, हा माझ्या पत्रिकेतलाच योग म्हणायचा. लग्न ठरताना मला सांगितलं गेलं होतं की मुलीचे एक काका बॉस्टनच्या बाजूला श्रूजबरीला असतात, इंजिनियर आहेत, स्वभावाने शांत आहेत आणि त्यांना सिनेमाची आवड आहे. यातला शब्दन्‌शब्द खरा होता. फक्त तो सिनेमा जपानी असतो, माझ्या जन्माच्या आधीचा असतो, भुतांचा असतो, आणि काकांना आवडणारी शांतता तो चालू असताना इतरांनी पाळायची असते, एवढं सांगायचं राहून गेलं होतं. पुढे माझी नोकरी मला श्रूजबरीलाच घेऊन आली. आमचं घर त्यांच्या घरापासून, डब्यात घातलेली भाजी गार होणार नाही इतक्या अंतरावर होतं. त्यामुळे दर रविवारी दुपारी तिकडे जायचं हे कुणी ठरवलं नाही, पण ठरलं.

त्या काळात मी इतका थकलेला असे की मला थकवा असा वेगळा जाणवतही नसे. पहाटे उठून पुण्याच्या टीमशी बोलायचं, मग इथल्या ऑफिसात जाऊन पुण्याच्या टीमबद्दल बोलायचं, आणि उरलेल्या वेळात व्हिसाच्या वकिलाच्या ईमेलची वाट बघायची, असा दिनक्रम होता. रविवारी काकांकडे पोचलो की बायको आणि मुलगी मावशींच्या स्वयंपाकघरात शिरत आणि मला आतल्या खोलीत पाठवलं जाई. तिथे जाड पडदे ओढून भरदुपारी काळोख केलेला असे, आणि काका सोफ्याच्या एका टोकाला, पाहुण्यांची वाट बघणाऱ्या नवऱ्या मुलासारखे ताठ बसलेले असत. मी दुसऱ्या टोकाला बसे आणि साधारण नावांच्या पाट्या संपेपर्यंत झोपी जाई. काकांकडे मी किती सिनेमे पाहिले याची गणतीच नाही, पण एकाचाही शेवट मला ठाऊक नाही. सुरुवातीला मला फार लाज वाटायची. एकदा मी घोरलो. तेव्हा काकांनी मला हलवलं आणि मी माफी मागायला लागलो, तर ते म्हणाले, "झोप रे, झोप. फक्त आवाज करू नकोस. मधे जाग आली की समोर असेल ते बघ. हे कुठूनही बघता येतात."

आणि खरंच तसं बघता यायचं. डोळे उघडावेत तर समोर माणसापेक्षा उंच गवत, सबंध पडदाभर, रुपेरी, एका बाजूला कलून परत उभं राहणारं. पुन्हा डोळा लागावा आणि उघडावा तर कागदी दारामागे एक दिवा आणि त्या कागदावर एका बाईची नुसती सावली, अंबाडा सोडत असलेली. एकदा जाग आली तेव्हा पडद्यावर बर्फ पडत होतं आणि आकाश चक्क रंगवलेलं होतं, ब्रशचे फटकारे दिसतील असं. मी झोपेतच म्हणालो, "खोटं आहे." काका म्हणाले, "अर्थात. खरं बर्फ बाहेर आहे, ते उपसायचं असतं. हे बघायचं असतं."

या नादाची सुरुवात कशी झाली ते काका कुणालाही, न विचारता, सांगत. शिकायला इथे आले तेव्हा पहिल्याच हिवाळ्यात त्यांच्या खोलीतला हीटर बंद पडला. कॉलेजच्या एका सभागृहात काहीतरी फुकट दाखवतायत आणि तिथे ऊब आहे, एवढं कळल्यावर ते जाऊन बसले. तलवारबाजी असेल अशी त्यांची कल्पना. तर पडद्यावर एक ओसाड घर, अंगणात शेवाळलेले दगड, आणि दाराशी पांढऱ्या कपड्यातली एक बाई. ती काहीच करेना. नुसती उभी. पुण्याहून आलेला, आयुष्यात परीक्षेशिवाय कशाकडे निरखून न पाहिलेला तो मुलगा त्या बाईकडे बघत राहिला आणि त्याच्या लक्षात आलं की तिच्या बाहीची घडी, दाराची चौकट आणि मागचा झाडाचा वाकडा बुंधा हे तिन्ही कुणीतरी फार विचार करून एका ओळीत ठेवलं आहे. "बाहेर आलो," काका सांगत, "तर सगळं जगच मला अव्यवस्थित वाटायला लागलं." ते तसं वाटणं पुढे कधी गेलंच नाही. उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत त्यांनी निवृत्त होईपर्यंत नोकरी केली, घर घेतलं, एका मुलीला शिकवून टेक्सासला धाडलं, पण मनातून ते त्या ओसाड घराच्या दारातच थांबले होते.

'हॉरर' हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. "दचकवायला काय लागतं? कुकरही दचकवतो," असं म्हणून ते समोरच्याला गप्प करीत. त्यांच्या मते भीती ही या सिनेमांमधली सगळ्यात किरकोळ गोष्ट, जेवणातल्या कोशिंबिरीसारखी. खरं बघायचं ते काळं. एकदा त्यांनी एक दृश्य थांबवून मला पडद्याजवळ उभं केलं आणि शिक्षकाच्या सुरात म्हणाले, "हे केसांचं काळं. हे विहिरीतल्या पाण्याचं. हे लाकडी वाडग्याच्या रोगणाचं. आणि हे मागे रात्रीचं. वेगळे आहेत, दिसतायत?" मी "हो" म्हणालो. मला ते चारही बंद पडलेल्या लॅपटॉपसारखे दिसत होते. माझी मुलगी मात्र पाठीमागून येऊन उभी राहिली होती. तिने विचारलं, "काका आजोबा, इज शी अ घोस्ट?" काका म्हणाले, "हो." ती म्हणाली, "देन व्हाय इज शी सो प्रिटी?" काकांनी माझ्याकडे वळून, माझ्या शिक्षणाचा सगळा खर्च वाया गेल्यासारख्या सुरात म्हटलं, "बघ. हिला पहिला प्रश्न योग्य पडला."

घरात काकांना पंख्याखालचा, छतातून येणारा उजेड चालत नसे. सगळे दिवे जमिनीलगत, कोपऱ्यात, कागदी शेडखाली. त्यांच्याकडे जेवायला गेलेल्या माणसाला आपण काय जेवलो हे घरी परतताना गाडीत चर्चा करून ठरवावं लागे. एकदा इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष जेवायला आले होते. त्यांनी शिरा समजून लिंबाच्या गोड लोणच्याचा मोठा घास घेतला आणि सभ्यपणे गिळला. त्यांच्या अर्ध्या छायेत बुडालेल्या चेहऱ्याकडे बघत काका कौतुकाने म्हणाले, "तुमचा चेहरा या उजेडात किती छान दिसतोय." कौटुंबिक फोटोही ते असेच काढत. आमच्या लग्नानंतरचा त्यांनी काढलेला फोटो आहे, त्यात माझा एक कान, बायकोच्या बांगड्या आणि भरपूर अंधार आहे. आमच्याकडच्या सगळ्या फोटोंत तोच चांगला आहे, हे आता कबूल करायला हरकत नाही.

या सगळ्यात मावशींचं स्वयंपाकघर हे एखाद्या बेटासारखं होतं. तिथे लखलखीत ट्यूबलाइट होती आणि ती काढायची नाही, हा लग्न टिकवण्याचा करार होता. मावशी नागपूरच्या. त्यांचा भुतांवर पक्का विश्वास, म्हणून त्यांना ती बघायची नसत. काकांचा काडीचा विश्वास नाही, म्हणून ते बघायला मोकळे. सिनेमा चालू असताना मावशींनी आतल्या खोलीत कधी पाऊल टाकलं नाही. चहा द्यायला दारापर्यंत येत त्या पाठमोऱ्या, उलट्या पावलांनी, हात मागे करून. मी कप घेतला की तशाच सरळ निघून जात. "रोज नवी बाई मरून राहिली त्यांच्या टीव्हीत," त्या माझ्या बायकोला सांगत, "आणि हे म्हणतात, पदर पाहा तिचा. तिला पदर तरी असते का?" पण इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकून ऐकून त्यांना सगळे सिनेमे कानाने पाठ झाले होते. लाकडाच्या पट्ट्या एकमेकींवर आपटल्याचा टकटक आवाज आला की पोळी लाटता लाटता त्या म्हणत, "आली वाटते," आणि देवाचं नाव घेऊन पुढची पोळी तव्यावर टाकत.

काकांनी आपली आवड जगाला वाटायचा एकदाच जाहीर प्रयत्न केला. गणपतीच्या कार्यक्रमात मंडळाने त्यांना थोडा वेळ दिला. विषय त्यांनी नुसता 'सौंदर्य' असा कळवला होता, त्यामुळे लोकांची लावणी किंवा निदान दागिन्यांची अपेक्षा होती. शाळेच्या हॉलमधले दिवे गेले आणि पडद्यावर ते उंच गवत हलायला लागलं. कुणी बोलत नव्हतं, काही घडत नव्हतं, गवत हलत होतं. मागच्या बाजूला स्वयंसेवक मसालेभाताची झाकणं उघडत होते. वास पुढे सरकला तशी माणसं मागे सरकली. अध्यक्ष मात्र पहिल्या रांगेत नाइलाजाने बसून होते. त्यांनी हळूच चकली तोंडात टाकली आणि दाताखाली चिरडली. तो आवाज त्या शांततेत फांदी मोडल्यासारखा झाला. काका व्यासपीठावरून खाली आले, त्यांच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "चघळून खा." त्यानंतर मंडळाने त्यांना पार्किंगची व्यवस्था दिली.

गाडी चालवताना त्यांना धुकं दिसलं की घात होई. तळ्याकाठच्या रस्त्यावर सकाळी कधी कधी पाण्यावरून धुकं सरकत येतं. एकदा मला ऑफिसला उशीर झालेला, ते मला सोडत होते, आणि त्यांनी गाडी कडेला घेऊन बंद केली. मागून पोलीस आला. त्याने खिडकीतून विचारलं, सर, काही मदत हवी आहे का. काका म्हणाले, "नो, थँक यू. वुई आर लुकिंग." पोलिसाने समोर बघितलं. तो वाकून, छतावर हात ठेवून, बराच वेळ बघत राहिला आणि मग काही न बोलता निघून गेला. काका खूष होऊन म्हणाले, "समजलं त्याला." मला मात्र माझी मीटिंग दिसत होती. तरीही त्या दिवशी मी विचारलं, या भुतांमध्ये तुम्हाला एवढं काय सापडतं? ते थोडे ओशाळले. म्हणाले, "त्यांना कुठे पोचायचं नसतं रे. म्हणून ती इतकी चांगली उभी राहतात. आपण सगळे सारखे निघालेले असतो."

मावशींचं वागणं बदललं ते कुणाच्या लगेच लक्षात आलं नाही. घरात उजेडच इतका कमी, की काय कुठे ठेवलं हे कुणालाच सापडत नसे. आधी भाजीत मीठ दोनदा पडायला लागलं. मग एकदा नेहमीच्या भारतीय दुकानातून निघालेल्या मावशी संध्याकाळपर्यंत घरी आल्या नाहीत, आणि माझी बायको शोधत गेली तर त्या दुकानाच्याच पार्किंगमध्ये गाडीत पट्टा लावून बसलेल्या होत्या. "हे मला घ्यायला येऊन राहिले ना," त्या म्हणाल्या, "मी थांबली आहे." गाडी त्यांनीच चालवत आणली होती. डॉक्टरांनी तपासण्या करून आजाराचं नाव सांगितलं, हळूहळू वाढत जाईल असंही सांगितलं. टेक्सासहून मुलगी आली, काही आठवडे राहिली, तुम्ही दोघं माझ्याकडे चला म्हणाली. काका म्हणाले, "तिला हे घर पायाखाली माहीत आहे. तेवढं तरी राहू दे."

पण घरच मावशींना घाबरवायला लागलं. दुपार कलली, कोपऱ्यातले कागदी दिवे लागले की मावशी अस्वस्थ होत. भिंतीवरच्या सावल्यांकडे बोट दाखवून विचारत, "ते कोण आहेत? इतके लोक काहून आले?" काका समजावत, सावली आहे, तुझीच आहे. मावशी हात हलवून बघत, सावली हलली की आणखी घाबरत. एका रविवारी आम्ही गेलो तेव्हा त्या स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटखाली खुर्चीवर बसल्या होत्या आणि तिथून उठायला तयार नव्हत्या. काका दारात उभे होते. ते मला म्हणाले, "माझ्याबरोबर दुकानात चल. दिवे आणायचेत. असतील तेवढे मोठे."

त्या दुपारी आम्ही दोघांनी ते घर उजळलं. मी शिडीवर आणि काका खाली, दिवे हातात देत. प्रत्येक खोलीच्या छताला एकेक पांढराशुभ्र दिवा लागला. कागदी शेड त्यांनी स्वतः उतरवल्या, चुरगळू नयेत म्हणून एकात एक घालून कपाटात ठेवल्या. पडदे काढले. शेवटी आतल्या खोलीतलं बटण दाबलं तेव्हा ती खोली दाताच्या दवाखान्यासारखी दिसायला लागली. सोफ्यावरचे डाग, भिंतीवरची तड्याची रेघ, काकांच्या गालांवरचे वयाचे ठिपके, सगळं दिसलं. मी इतकी वर्षं त्यांना ओळखत होतो, पण ते इतके म्हातारे आहेत हे मला त्या दिवशी कळलं. काका सगळीकडे नजर फिरवून म्हणाले, "छान झालं." आयुष्यात त्यांनी उजेडाबद्दल खोटं बोललेलं मी तेवढंच ऐकलं. मावशी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, खोल्या-खोल्यांतून फिरल्या आणि म्हणाल्या, "आता कसं घर वाटते."

सिनेमे बंद झाले. टीव्हीवर मावशींच्या मालिका लागत. पण मालिकांमधली माणसं फार भांडतात, आणि मावशींना ते भांडण घरातलंच वाटे. त्या मधे पडून मिटवायला बघत, मिटलं नाही की रडत. बातम्या लावल्या तर तेच, क्रिकेट लावलं तर गर्दीच्या आवाजाने त्या उठून दाराची कडी बघायला जात. टीव्ही बंद ठेवला तर घरात फार गप्प गप्प होई. आम्हीही पेंगल्यासारखे बसून राहत असू. बायको मावशींची वेणी घालून देई, मी फोनवर ऑफिसचे मेसेज बघे, काका खिडकीबाहेर बघत. अशाच एका रविवारी काकांनी, फारसा विचार न करता, कारण बाकी सगळं लावून झालं होतं, एक जुना सिनेमा लावला.

मी मावशींकडे बघत होतो. त्या आयुष्यभर ज्याला घाबरल्या ते समोर होतं, आणि आपण याला घाबरतो हे त्या विसरून गेल्या होत्या. त्या सोफ्यावर, काका आणि माझ्या मधे, मांडीवर हात ठेवून बसल्या. छतावरचा दिवा टीव्हीच्या काचेवर पडून चित्र पार फिकट झालं होतं. त्या चार काळ्यांपैकी आता एकही काळं राहिलं नव्हतं, सगळे राखाडी दिसत होते. त्या राखाडीत एक बाई एका घराच्या दाराशी आली आणि उभी राहिली. घरातला माणूस तिच्याकडे बघत होता आणि घाबरून मागे सरकत होता.

"कोण आहे?" मावशींनी विचारलं.

काका म्हणाले, "पाहुणी आहे."

"केव्हाची उभी आहे बिचारी. कोणीच बस म्हणत नाही तिला." त्यांचा आवाज चढायला लागला. "इतक्या लांबून आली असेल. अहो, तुम्ही तरी म्हणा."

माझी बायको दारात आली होती. आम्ही सगळे काकांकडे बघत होतो. सिनेमा चालू असताना कुणी खोकलं तरी मान वळवून बघणारा तो माणूस टीव्हीकडे तोंड करून, मोठ्याने, अगदी व्यवस्थित म्हणाला, "या, बसा."

मावशी शांत झाल्या. पडद्यावरची बाई अर्थातच बसली नाही, पण तेवढ्यात दृश्य बदललं आणि तळ्याचं पाणी दिसायला लागलं, त्यामुळे ती बसली असावी असं त्यांनी धरून घेतलं. मग त्या बोलायला लागल्या. पाणी किती स्थिर आहे, नाव कोणाची, त्या झाडाला पान कसं नाही एकही. सिनेमा संपेपर्यंत त्या बोलत होत्या आणि काका "हो, हो" म्हणत होते. मी त्या दिवशी एक क्षणही झोपलो नाही, पण शेवट काय झाला ते मला सांगता येणार नाही. मी सबंध वेळ त्या दोघांकडेच बघत होतो.

पुढे तसंच चालू झालं. सगळे दिवे लावून, पडदे नसलेल्या खिडक्यांतून ऊन आत येत असताना, दर दुपारी एक सिनेमा. काकांनी एकदाही चित्र नीट दिसत नाही अशी तक्रार केली नाही. उलट मला म्हणाले, "मी कधी झाडांची पानं बघितलीच नव्हती. ती बघते." आणखी एकदा म्हणाले, "मला तसं बघायला एकदाच मिळालं, त्या कॉलेजच्या हॉलमध्ये. नंतर कितीही बघा, पहिल्यांदा बघता येत नाही. तिला रोज मिळतं." हे सांगताना त्यांच्या आवाजात हेवा होता, खराखुरा, आणि त्या हेव्याची त्यांना लाजही वाटत होती.

मग आमच्या कंपनीने इथलं ऑफिस बंद केलं. दुसऱ्या राज्यात, पार्सिपनीच्या ऑफिसात या नाहीतर दुसरी नोकरी बघा, असं सांगण्यात आलं. व्हिसावरच्या माणसाला असल्या बाबतीत फार विचार करावा लागत नाही. आम्ही सामान बांधलं. निघायच्या दिवशी निरोप घ्यायला गेलो तेव्हा मावशींनी माझ्या बायकोला जवळ घेतलं, तिच्या आईच्या नावाने हाक मारली आणि नागपूरला पोचल्यावर कळव म्हणाल्या. बायको हो म्हणाली. काका बाहेर गाडीपर्यंत आले. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, पण ते नुसते गाडीचं दार धरून उभे राहिले. सवय नव्हती आम्हाला एकमेकांशी बोलायची, आम्ही नेहमी एका दिशेला तोंड करून बसलेलो.

आता रविवारी दुपारी फोन करतो. इथे आल्यावर थकवा काही कमी झालेला नाही, फक्त रस्ते बदलले. गेल्या रविवारी बायको दुकानात किराणा घेत होती आणि मी गाडीत बसून फोन लावला. काकांनी स्पीकर चालू करून फोन मावशींच्या हातात दिला. मी विचारलं, काय करताय मावशी? त्या म्हणाल्या, "सिनेमा पाहून राहिली. तुम्हाला नाही दिसत का? सांगते थांबा. पाणी आहे. पाण्यावर चंद्र पडला आहे. एक बाई येऊन राहिली त्या काठाने. किती हळू येते बाप्पा. केस मोकळे आहेत, किती केस, तेल कोणतं लावते कोण जाणे. पांढरं नेसली आहे. घाबरली वाटते थोडी." मग आवाज खाली आणून, कुणी ऐकू नये अशा बेताने, त्या म्हणाल्या, "इथे एक गृहस्थ येतात. फार चांगले आहेत. रोज मला सिनेमा दाखवतात. बोलत नाहीत जास्त."

तेवढ्यात काकांनी फोन घेतला, स्पीकर बंद केला. म्हणाले, "ऐकलंस ना? गृहस्थ चांगले आहेत म्हणते."

"हो काका."

"काल मी तिला विचारलं, संध्याकाळी जेवायला थांबलो तर चालेल का. म्हणाली, थांबा की. पण घरी कळवून ठेवा, तिकडे तुमची वाट पाहत असतील."

मागे मावशी कुणालातरी काहीतरी विचारत होत्या. "बोलावते आहे," काका म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.